एका खोलीला एकच सही

४ फेब्रुवारी

धाकटे,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. कान तेवढे गेलेत, तेही नको त्या गोष्टी ऐकण्यापुरते. हे पत्र कामाचं आहे, म्हणून लिहायचं धाडस झालं. बिनकामाचं पत्र मला कधी जमलंच नाही.

काम असं. परवा प्रसाविका परिषदेच्या शिस्त समितीची बैठक झाली. तुला कुणी सांगितलं नसेल, पण गेली दोन वर्षं मी त्या समितीवर आहे. हस, खुशाल हस. कोणत्या सुइणीने कधी हात धुतले नाहीत, कुणी कुणाच्या अंगावर ओरडलं, कुणी नोंद चुकवली, याचा निवाडा करणाऱ्या पाच जणांत तुझी ताई आहे. अध्यक्ष तेच आहेत, तुझ्या वेळचे. त्यांनी आजवर एकही बाळंतपण पाहिलेलं नाही. स्वतःचा जन्मही त्यांनी बहुधा दाखल्यावरूनच मान्य केला असावा.

विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, 'रद्द झालेले नाव पुन्हा नोंदवण्याबाबत अर्ज'. पान उलटलं तर तुझा फोटो. केस केवढे कापलेस! वाईट दिसत नाहीस, पण मान फार बारीक झालीय. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ही माझी सख्खी बहीण आहे. मला या विषयात बसता येणार नाही." अध्यक्षांना इतका आनंद झाला, की नियमाची अशी ताजी अंमलबजावणी त्यांच्या नशिबी बऱ्याच दिवसांनी आली असावी. "बाहेर बसा," म्हणाले.

बाहेर म्हणजे त्याच बाकावर. त्याचा एक पाय अजून आखूड आहे. सहा वर्षांपूर्वी तू त्यावर डुगडुगत बसली होतीस आणि मी समोर, साक्षीदारांच्या खुर्चीत. त्या खुर्चीचे चारही पाय शाबूत आहेत. परवा पहिल्यांदा बाजू बदलून बसले.

नंतर समितीच्या लेखनिकाने मला बाजूला घेतलं. तुझा अर्ज व्यवस्थित आहे, फक्त रकाना नऊवर अडलाय. 'अर्जदाराने आपले गैरवर्तन मान्य करून त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करावा.' त्यापुढे तू लिहिलंयस, 'लागू नाही.'

धाकटे, 'लागू नाही' हे नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात लिहितात गं. पश्चात्तापाच्या नाही.

एकतीस मार्चपर्यंत दुरुस्ती करायची मुदत दिलीय. आणि हा अर्ज जन्मात एकदाच करता येतो, हे तुला माहीतच असणार. एकदा फेटाळला की संपलं. मग या देशात कुठेच तुला बाळंतिणीला हात लावता येणार नाही.

तेव्हा हट्ट सोड आणि रकाना भर.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. आईशी मात्र दर गुरुवारी बोलतेस, मी कामावर असते तेव्हा. आईने सांगितलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळतं. गुरुवारी संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा ती काहीतरी खाऊन तोंड पुसलेल्या मुलीसारखी बसलेली असते.

खोदून खोदून विचारल्यावर एवढंच कळलं, की तू जनावरांच्या दवाखान्यात काम करतेस. नावं लिहून घ्यायची, पिंजरे धुवायचे. आणि एखादी कुत्री अडली की डॉक्टर तुलाच आत बोलावतात. बरोबर आहे. कुत्रीला परिषदेचा परवाना लागत नाही. तिची तक्रार असली तर ती जागच्या जागी चावून मोकळी होते.

बरं. तुला लिहायचा कंटाळा, म्हणून मीच रकाना नऊचा मसुदा सोबत जोडलाय. दोन वर्षांत असे चाळीसएक पश्चात्ताप वाचलेत मी. त्यांची एक रीत ठरून गेलीय. पहिल्या ओळीत 'घडलेल्या दुर्दैवी प्रसंगाची पूर्ण जबाबदारी', दुसऱ्या परिच्छेदात झोप न लागणं, तिसऱ्यात एखादं प्रशिक्षण, आणि शेवटी 'या अनुभवाने मला अधिक सजग केले'. 'सजग' हा शब्द लागतोच. तो नसला तर अध्यक्ष पान उलटून मागे शोधतात. रडारड फार नको, तिला नाटक म्हणतात. अजिबात नसली तर कोडगेपणा म्हणतात. मी बेताची घातलीय.

मसुद्यात काय मान्य करायचंय ते आदेशातलंच आहे, शब्द बदललेले नाहीत. तीन नंबरच्या खोलीतली बाई, पहिलटकरीण, भरले दिवस. तिची प्रसाविका तू. दुपारी एकपासून दोनपर्यंत बाळाचे ठोके तू नोंदवलेस, सगळे चांगले. दोन वाजून आठ मिनिटांनी डॉक्टरांनी बाळ ओढून काढलं, ते गेलेलं. समितीने मृत्यूबद्दल तुला दोष दिला नाही. दोष दिला तो आईच्या नाडीच्या तीन आकड्यांबद्दल. ते मागाहून मनाने भरलेले निघाले. 'चूक क्षम्य असते, बनावट नोंद क्षम्य नसते.' हे वाक्य अध्यक्षांचं. आता ते नव्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात घातलंय. बघ, तुझ्या निमित्ताने त्यांना एक वाक्य सुचलं.

एका पानाचा तर प्रश्न आहे. खाली सही कर आणि पाठव. कागदावरचं कागदावर राहतं. त्या दुपारी जे झालं ते झालं, ते आता या पानाने बदलणार आहे का?

आईला मुलींचं एका घरात बसून बोलणं बघायचंय. ती तसं म्हणत नाही. दोन कप काढते, मग एक परत ठेवते.

ताई

८ मार्च

धाकटे,

मसुदा परत मिळाला. वर, खाली, मागे पत्र नाही. समासात लाल शाईने दोन शब्द.

'वेळ? सही?'

आधी मी कागद चुरगळला. मग मांडीवर ठेवून सरळ केला. माझंच हत्यार आहे ते. पंचवीस वर्षं नव्या मुलींच्या कागदांवर मी लाल शाईने हेच लिहीत आले. तूही त्यातलीच. बहीण म्हणून सूट दिली नाही, उलट तुझ्या कागदांवर दोनदा लिहायची. 'वेळ आणि सही नसेल तर ते घडलेलंच नाही,' असं वर्गात हात आपटून सांगायची. मुली माझी नक्कल करायच्या ते मला माहीत होतं. तू केलेली नक्कल सगळ्यात चांगली व्हायची म्हणे.

ठीक आहे. वेळ सांगते.

एक वाजता तू ठोके ऐकलेस. बाळाचे एकशे अठ्ठावीस. त्याच वेळी दुसऱ्या हाताने बाईचं मनगट धरून तिची नाडी मोजलीस, एकशे चार. दोन्ही लिहिलेस. ते तुझे आकडे, आणि ते खरे.

एक वाजून पाच मिनिटांनी मी दारात आले आणि म्हटलं, "सकाळपासून उपाशी आहेस. जा, दोन घास खाऊन ये. मी बसते."

तू म्हणालीस, "ताई, बाईला थोडा ताप वाटतोय."

मी म्हटलं, "मला शिकवतेस?"

हे कुणी नोंदवलेलं नाही. आज पहिल्यांदा कागदावर उतरतंय.

सव्वाला मी पोटावर यंत्र ठेवलं. ठोके मिळाले, एकशे छत्तीस. दीडला एकशे अडतीस. पावणेदोनला एकशे छत्तीस. छान, दमदार. मनगट मी धरलं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही आपण सांगतो, की घाबरलेल्या, ताप असलेल्या बाईचं काळीज बाळाइतकंच जोरात धावतं, आणि यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत. त्याला जे सापडेल ते ते ऐकवतं. म्हणून एक हात पोटावर आणि एक मनगटावर. दोन्ही ठोके एकदम पडायला लागले, की समज, तू एकाच माणसाला ऐकतेयस.

माझा दुसरा हात पुढच्या पाळीचा तक्ता भरत होता.

एक पन्नासला तू आलीस. आल्या आल्या मनगट धरलंस. तुझा चेहरा मला दिसत होता. तू माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणालीस, "ताई, हे आईचे ठोके आहेत."

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर आले, बाईला जोडलेल्या पडद्यावर तिची नाडी एकशे अडतीस. बाळ दोन आठला. ते नक्की केव्हा गेलं ते कुणीच सांगू शकलं नाही. एक वाजता होतं. सव्वाला असेल. सव्वाला मी मनगट धरलं असतं, तर दीडच्या आत ते बाहेर असतं. हे गणित मी इतक्या वेळा केलंय, की आता त्याचं उत्तर आपोआप येतं.

आणि मग तो कागद. माझ्या तिन्ही नोंदींपुढे आईच्या नाडीची जागा कोरी होती. सगळे धावपळीत असताना मी चादरींच्या कपाटाआड उभी राहिले आणि ती भरली. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव. समितीने म्हटलं ते शंभर टक्के खरं होतं. पाच मिनिटांत अठ्ठ्याण्णवची एकशे अडतीस होत नाही. माझ्यासारख्या बाईने निदान खोटं तरी नीट लिहायला हवं होतं.

सही तुझी होती, कारण आपल्याकडे पद्धतच ती. एका खोलीला एकच सही. मधे कुणी दहा मिनिटं बसलं, अर्धा तास बसलं, तरी सही त्या खोलीच्या प्रसाविकेची करायची. कागद स्वच्छ दिसतो, तपासणीवाले प्रश्न विचारत नाहीत. ही पद्धत कुणी पाडली? वॉर्ड ताब्यात आल्या आल्या मी पाडली. आणि आपल्या दोघींचे आकडे आईने एकाच पाटीवर गिरवून घेतलेले. तुझा तीन आणि माझा तीन आपल्यालाही ओळखू यायचा नाही.

त्याच कपाटापाशी चौथ्या दिवशी मी तुला गाठलं. काय बोलले ते तुला पाठ असेल. मी माझ्यासाठी लिहिते. "तू नवी आहेस, तुला ताकीद मिळेल, फार तर सहा महिने. माझं कळलं तर नाव जाईल, वॉर्ड जाईल, आईचं कोण बघणार? तू फक्त गप्प राहा. बाकी मी बघते."

तू चादरीची घडी घालत होतीस. घडी पुरी केलीस, कपाटात ठेवलीस आणि गेलीस. मी तोच होकार धरला. सोयीचं होतं.

चौकशीत अध्यक्षांनी विचारलं, "ही सही तुमची?" तू म्हणालीस, "सही माझ्या नावाची आहे." कुणी वर बघितलं नाही. मी बघितलं. मग मला विचारलं, "आपण तेव्हा कुठे होतात?" मी म्हणाले, "दोन नंबरला."

आदेशात ताकीद नव्हती, नावच कापलं होतं. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. मी तुझ्यासाठी पाणी आणायला गेले. परत आले तर बाक रिकामा.

आता बरं वाटलं असेल तुला. पण हे पत्र तुझ्यापुरतं आहे. हे वाच, जाळ, आणि रकाना नऊ भर. आपण दोघींनीही सहा वर्षं भोगलंय. शेवटच्या एका पानासाठी मी सगळं उधळून काय साधणार? आणखी एक गोष्ट आहे त्या पंचेचाळीस मिनिटांतली, ती तुलाही माहीत नाही. ती मी लिहिणार नाही.

ताई

२७ मार्च, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं

धाकटे,

वेळ लिहिलीय. बघून घे.

गेल्या आठवड्यात समितीने मला एका लहान दवाखान्याच्या तपासणीला पाठवलं. इथून चार तासांवर. खाटा सहा, भिंतींना नवा हिरवा रंग, खिडकीत एक झाड, तेही आजारी. मी नेहमीसारखी गेले, चष्मा नाकावर, लाल पेन हातात. लोक मला बघून पाठीचा कणा सरळ करतात. ती सवय लागते गं माणसाला.

एका बाळंतिणीचा कागद काढला. बारा तासांच्या कळा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सही. मी तिथल्या मुलीला बोलावलं. तेवीस-चोवीसची असेल, नखं कुरतडलेली.

"बारा तास तू एकटी होतीस?"

"नाही बाई."

"जेवायला गेली नाहीस?"

"गेले ना. तेव्हा दुसऱ्या बाई बसल्या होत्या."

"मग त्यांची सही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी परीक्षा घेतेय असं वाटलं असावं तिला. मग शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "एका खोलीला एकच सही असते बाई. वरून आलंय तसं." आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर चौकटीत एक छापील पान होतं. 'नोंदी स्वच्छ ठेवण्याच्या पद्धती'. खाली माझं नाव. आठ वर्षांपूर्वी मी कुठल्याशा शिबिरात बोलले होते, त्याची टिपणं कुणीतरी छापून सगळीकडे वाटली. सहावा मुद्दा. मी विसरूनही गेले होते. किती दवाखान्यांत ते लटकतंय देवाला ठाऊक.

"चुकलं का बाई काही?" तिने विचारलं. तिचा परवाना माझ्या पेनाच्या टोकावर होता आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी म्हटलं, "तुझं नाही." चौकट उतरवायला गेले तर खिळा पक्का, निघेना. शेवटी तिनेच स्टूल आणलं.

परतीच्या वाटेवर चार तास होते. मी शहाण्णव आणि अठ्ठ्याण्णव या आकड्यांशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही असं म्हणणार नाही. मला भूकही लागली होती. माणूस असाच असतो.

घरी आले आणि आईला सांगितलं. जोरात सांगावं लागलं, कानांमुळे. एवढी लाजिरवाणी गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय असतं ते मला विचार. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या.

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "झालं सांगून?"

"तुला माहीत होतं?"

"धाकटीला खोटं बोलता येत नाही. तिला शाळेतही जमायचं नाही. मग मागे उरलं कोण?"

"सहा वर्षं बोलली का नाहीस मग?"

"माझ्या हातात तुम्ही दोघीच होतात, मोठे. एक गेली होती. दुसरी कशी घालवू? आणि तू सांगशील असं मला दर गुरुवारी वाटायचं. तिचा फोन ठेवला की वाटायचं, आज मोठी येईल आणि सांगेल."

म्हणजे गुरुवारचा तो तिचा चेहरा. मी खाऊन तोंड पुसल्याचा समजत होते.

काल मी परिषदेत लेखी निवेदन दिलं. चार पानं. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, प्रत्येक पानाखाली सही. 'सजग' हा शब्द नाही. समितीचा राजीनामाही सोबत. लेखनिकाने पोच देताना विचारलं, "बाई, नक्की ना? एकदा शिक्का बसला की परत घेता येत नाही." भला माणूस आहे. शिक्का हातात धरून तो थोडा वेळ तसाच थांबला. मी म्हटलं, "मारा."

तू रकाना नऊला हात लावू नकोस. जे लिहिलंयस तेच बरोबर होतं.

सही: मोठी

३० जून, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं

धाकटे,

निकालाची प्रत तुला टपालाने आलीच असेल, पण ती भाषा वाचून माणसाला आपण सुटलो की अडकलो ते कळत नाही. म्हणून सोप्या शब्दांत.

माझं नाव कायमचं काढलं. बिल्ला आणि प्रमाणपत्र जमा केलं. बिल्ल्याची पिन गंजली होती, निघताना झग्याला भोक पडलं. तीस वर्षांची नोकरी तेवढ्या भोकातून गेली. चौकशीला मी त्याच बाकावर बसले होते. आत अध्यक्षांनी विचारलं, "सहा वर्षं आपण गप्प का राहिलात?" मी म्हटलं, "जमत होतं म्हणून." त्यांनी लिहून घेतलं, 'समाधानकारक खुलासा नाही.' आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं-माझं एकमत झालं.

तुझं असं. जुना आदेश रद्द. पण तुझा अर्ज फेटाळला. घाबरू नकोस. नाव पुन्हा नोंदवण्याचा अर्ज फक्त गैरवर्तन केलेल्यालाच करता येतो, आणि तू तर ते केलंच नाहीस, म्हणून तू अर्ज करायला पात्रच नव्हतीस. हे त्यांनी दोन पानं लिहिलंय, आणि एकालाही हसू आलं नाही. नाव तसंच आपोआप परत बसणार. मात्र तेव्हा गप्प राहून समितीची दिशाभूल केलीस, याबद्दल तुला लेखी ठपका. आणि सहा वर्षं हात थांबले होते, म्हणून सहा महिने दुसऱ्या प्रसाविकेच्या देखरेखीखाली काम. साठ दिवसांत संमती कळवायची. तू कळवशील की नाही ते मी विचारणार नाही. तो हक्क मी त्या कपाटापाशी घालवला.

आता ती उरलेली गोष्ट. निवेदनात ती आहे, पण तुला ती छापील प्रतीतून कळू नये.

तीन नंबरच्या बाईला परिषद पत्र पाठवणार होती. मी परवानगी मागितली, की त्याआधी मला स्वतः जाऊ द्या. ती चाव्या बनवायचं दुकान चालवते. दुकान म्हणजे एक खिडकी, मागे भिंतभर लोंबणाऱ्या कोऱ्या चाव्या, आणि कानात बसेल असा कर्कश आवाज करणारं घासायचं यंत्र. तिने मला बघितलं आणि यंत्र बंद न करताच म्हणाली, "तुम्ही त्या मोठ्या बाई ना? हसऱ्या?"

मी हसरी होते हे मला आठवावं लागलं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, यंत्राच्या वर आवाज काढून. त्या पाऊण तासात तुमच्याजवळ माझी बहीण नव्हती, मी होते. खोटे आकडे तिने नाही, मी लिहिले. तिने मधेच यंत्र बंद केलं. मग माझा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला.

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात ते बाळाचं नव्हतं?"

"नाही."

"मग मी ऐकलं ते?"

हीच ती गोष्ट, धाकटे. दीड वाजता बाई घाबरली होती. म्हणाली, मला बाळाचा आवाज ऐकवा ना. मला तिला धीर द्यायचा होता. मी यंत्राचा आवाज पूर्ण मोठा केला. खोलीभर ठोके घुमायला लागले. मी म्हटलं, "बघा, घोड्यासारखा धावतोय." ती हसली. हसल्यावर ठोके आणखी वाढले. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. बाळ आपली आई हसली म्हणून हसत नाही.

मी म्हटलं, "ते तुमचे होते. तुमच्याच काळजाचे."

तिने समोरची अर्धी घासलेली चावी उचलली, बोटाने तिची धार तपासली, परत ठेवली.

"मी त्याला म्हणत होते," ती म्हणाली, "पळ, पळ, लवकर ये. असं मनात म्हणत होते. तुम्ही आवाज मोठा केलात तेव्हा."

अशा वेळी काय बोलावं ते मी कितीतरी जणींना शिकवलंय. तोंडपाठ आहे. एकही वाक्य निघालं नाही.

मागे पडद्याआडून चारेक वर्षांची एक मुलगी डोकावली. बाईने तिला हातानेच आत ढकललं.

"ती बारकी होती ना, तुमची बहीण," ती म्हणाली. "ती आल्यावर तिने माझं मनगट धरलं. मग सगळं झालं, त्याला घेऊन गेले, टाके घातले, तरी सोडलं नाही तिने. मला राग यायचा आठवून. वाटायचं, खोटं लिहिलं म्हणून धरून बसली होती. सहा वर्षं मी तिला शिव्या दिल्यात, बाई. रोज, ही चाकं फिरवताना."

"त्या माझ्या होत्या."

"तुमच्याही देईन. वेळ आहे मला." मग म्हणाली, "तिचा पत्ता द्या."

"मी सांगू का तिला काही?"

"तुम्ही नको. तुम्ही कुणाच्या नावाने काही सांगू नका आता. मीच लिहिते."

तिने मला चाव्यांचं एक रिकामं पाकीट दिलं, मी त्यावर तुझा पत्ता लिहिला. जनावरांचा दवाखाना म्हटल्यावर तिने दोनदा वाचलं, पण विचारलं काही नाही. मी वळले तेव्हा यंत्र पुन्हा सुरू झालं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

तर तुला एक पत्र येईल. पाकिटाला धातूचा वास असेल. ते उघड. माझं हे उघडलं नसलंस तरी चालेल, ते मात्र उघड.

आईने काल कपाटातून तुझे पांढरे बूट काढले. पुसून खिडकीत उन्हाला ठेवलेत. मी विचारलं, "येतेय का ती?" तर म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

वेळ: अकरा वाजून पाच मिनिटं.

सही माझी. त्या खोलीत तेव्हा माझ्याशिवाय नोंद घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

ताई